बंदरावरचें एक लहानसें संग्रहालय

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस, नारळी पौर्णिमेची सुटी आटोपल्यावर, आम्ही आठवीच्या वर्गांत फळ्यावर शिडाच्या होडीचें एक चित्र काढिलें व तिच्या एकेका भागाचें नांव मुलांस विचारूं लागलों. शीड, सुकाणूं, वल्हें आणि नांगर एवढीं नांवें पुष्कळांस ठाऊक होतीं. पुढें वर्ग गप्प झाला. मागच्या बांकावरील, वसतिगृहांत राहणाऱ्या एका मुलाचे ओठ मात्र हललेले आम्हांस दिसले. पण तो उठून उभा राहिला नाहीं. तास संपल्यावर तो हळूच जवळ आला व म्हणाला, "सर, मला सगळीं नांवें येतात. आजोबांनी शिकविलीं आहेत. पण वर्गांत सांगितलीं असतीं तर आम्ही मासे धरणारे, हें सगळ्यांना कळलें असतें."

मुलाचे हे शब्द आम्हांस बरेच दिवस सलत राहिले. ज्ञान नसल्याची लाज वाटणें आम्ही समजूं शकतों. परंतु ज्ञान असल्याची लाज वाटावी, हें विपरीत नव्हे काय? ह्या प्रश्नाचा विचार करीत असतां आम्हांस स्कॉटलंडांतील एका लहान संग्रहालयाची हकीकत वारंवार आठवूं लागली. तीच आज आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फोर्थच्या खाडीच्या तोंडाशीं, फाईफ परगण्यांत अँस्ट्रदर नांवाचें एक जुनें बंदर आहे. गांव लहान, पण आपल्या प्रांताशीं त्याचा एक धागा जुळलेला आहे. प्रसिद्ध धर्मोपदेशक व अध्यापक टॉमस चामर्स हे १७८० सालीं ह्याच गांवीं जन्मले. पुढें ते जवळच्या सेंट अँड्रूज येथील विश्वविद्यालयांत नीतिशास्त्र शिकवीत. त्यांच्या वर्गांतील रॉबर्ट नेसबिट नांवाचा तरुण १८२७ सालीं मुंबईस आला, कोकणांत हर्णै येथें राहिला आणि उत्तम मराठी शिकला. हर्णैचें बंदर व तेथील मासळीचा बाजार आमच्या वाचकांपैकीं अनेकांनीं पाहिलेला असेल. एका मासळीच्या किनाऱ्यावरून निघालेलें शिक्षण दुसऱ्या मासळीच्या किनाऱ्यावर येऊन पोहोंचलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

अँस्ट्रदरचें सारें वैभव एका माशावर उभें होतें. त्याचें नांव हेरिंग. आपल्याकडील तारली ज्यांनीं पाहिली आहे त्यांस हेरिंगची कल्पना सहज येईल. दोन्ही मासे दिसावयास सारखे, तेलकट, आणि प्रचंड थव्यांनीं हिंडणारे. हेरिंगचे थवे रात्रीं पाण्याच्या वरच्या थरांत येतात. म्हणून कोळी दिवस मावळतां जाळीं पाण्यांत पडद्यासारखीं उभीं सोडीत व तीं वाऱ्यापाण्याबरोबर वाहूं देत. पहाटे तीं ओढून घेत. मासळी मोजण्याचें माप 'क्रॅन'. एका क्रॅनमध्यें साधारणपणें बाराशें मासे भरत. बंदरांत आल्यावर मासे चिरून, मिठांत घालून, लाकडी पिंपांत भरीत व जर्मनी, रशिया वगैरे देशांस पाठवीत. १९०७ सालीं स्कॉटलंडांत अशीं सुमारें २५ लक्ष पिंपें भरलीं गेलीं. ह्यावरून धंद्याचा व्याप ध्यानांत येईल.

परंतु हा व्याप टिकला नाहीं. पहिल्या महायुद्धानें परदेशच्या बाजारपेठा मोडल्या. शिडाच्या होड्या जाऊन वाफेच्या व पुढें तेलाच्या एंजिनांच्या होड्या आल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर थोड्याच वर्षांत फोर्थच्या खाडींतील हिवाळी हेरिंग जवळजवळ नाहींशी झाली. ज्या धक्क्यावर होड्यांची दाटी होत असे तो धक्का रिकामा पडला. जुनीं जाळीं, टोपल्या, होकायंत्रें व हत्यारें माळ्यांवर पडलीं. कित्येक होड्या किनाऱ्यावर कुजल्या किंवा जळणासाठीं फोडिल्या गेल्या. आणि ज्यांनीं त्या वल्हविल्या होत्या ते लोकही एकामागून एक जाऊं लागले.

अशा वेळीं, १९६९ सालीं, अँस्ट्रदरच्या बंदरासमोर सेंट एल्स नांवाच्या जुन्या वास्तूंत 'स्कॉटिश फिशरीज म्यूझियम' उघडण्यांत आलें. त्या जागीं पूर्वीं त्याच नांवाचें एक प्रार्थनामंदिर होतें. संग्रहालय म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें राजवाड्यासारखी इमारत, कांचेचीं कपाटें आणि 'हात लावूं नये' अशी पाटी उभी राहते. येथें मूळचा संग्रह मासे धरणाऱ्यांच्या घरांतील वस्तूंचा, आणि जागा अंगणाभोंवतालच्या कांहीं जुन्या घरांची. पुढें शेजारचीं घरें एक एक करून जोडलीं गेलीं. लगतचा होड्या बांधण्याचा कारखानाही संग्रहालयांत आला. मात्र इमारतींच्या वाढीपेक्षां मोलाची वाढ निराळीच आहे. ती त्या संग्रहालयांतील तीन होड्यांच्या द्वारें सांगतां येईल.

लाकडी होडी जतन करणें हें मूर्ति किंवा नाणें जतन करण्यासारखें सोपें काम नव्हे. होडी पाण्यांत ठेवावी तर लाकूड कुजतें व किडे तें पोखरतात. पाण्याबाहेर ठेवावी तर लाकूड सुकून आकसतें आणि फळ्यांमधील फटी उघडतात. तिला वापरावें तर ती झिजते. न वापरावें तर ती वापरण्याची विद्याच नाहींशी होते. ह्या पेंचाचें एकच एक उत्तर नाहीं. अँस्ट्रदरच्या लोकांनीं तीन होड्यांकरितां तीन निराळीं उत्तरें शोधिलीं.

पहिली होडी 'रिसर्च'. ही १९०३ सालीं बांधलेली, पाऊणशें फुटांहून लांब, 'झुलू' जातीची होडी आहे. ह्या जातीचा जन्म १८७९ सालीं लॉसीमथ गांवीं झाला. त्या काळीं दक्षिण आफ्रिकेंत झुलू लोकांशीं इंग्रजांचें युद्ध चाललें होतें, त्यावरून हें नांव पडलें. किनाऱ्यावर त्यापूर्वीं दोन जातींच्या होड्या प्रचलित होत्या. एकीची नाळ सरळ उभी, तर दुसरीचा मागचा भाग तिरका उतरता. झुलूमध्यें एकीची नाळ व दुसरीचा मागचा भाग असा मेळ घातल्यामुळें होडी वेगवान झाली. 'रिसर्च'चें लाकूड आतां इतकें जीर्ण झालें आहे कीं तिला पाणी दाखविणें म्हणजे तिचा नाश करणें. म्हणून होड्या बांधण्याच्या त्या जुन्या कारखान्याच्या छपराखालीं तिला कायमची विश्रांति दिली आहे. तिची थोरवी पाहणाऱ्यानें तिच्या पोटाखालीं उभें राहून पाहावी.

दुसरी होडी 'रीपर'. ही १९०२ सालीं सँडहेवन येथें बांधलेली, सत्तर फुटांची, 'फायफी' जातीची होडी. हिनें हेरिंग धरिली, युद्धकाळीं सरकारी काम केलें, आणि नंतर शेटलंड बेटांत सामान वाहून नेण्यांत म्हातारपण घालविलें. १९७५ सालीं ती संग्रहालयाकडे आली. तिचे सांगाडे व फळ्या अद्याप सावरण्याजोग्या होत्या. येथेंच संचालकांनीं धाडसाचा निर्णय घेतला. ही होडी छपराखालीं न ठेवतां पुन्हा शिडें चढवून समुद्रांत न्यावयाची असें ठरलें. त्याकरितां सुतारकामापासून शिडें ओढण्यापर्यंत सर्व कामीं गांवचे स्वयंसेवक पुढें आले. त्यांत निवृत्त खलाशी होते, तसेच ज्यांनीं पूर्वीं कधीं दोर धरिला नव्हता असेही होते. म्हाताऱ्यांनीं तरुणांस गांठी मारण्यास शिकविलें, आणि पुस्तकांत न सांपडणारें ज्ञान एका हातांतून दुसऱ्या हातांत गेलें. त्यानंतर अनेक उन्हाळ्यांत 'रीपर' बंदरोबंदरीं हिंडली. ज्यांस अँस्ट्रदरला येणें घडत नसे त्यांच्या दारीं संग्रहालय स्वतः चालून गेलें. हें सोपें नव्हतें व नाहीं. अशा होडीस वरचेवर नव्या फळ्या लागतात, दुरुस्तीला कित्येकदां वर्षें जातात आणि पैसा पाण्यासारखा ओतावा लागतो.

तिसऱ्या होडीची गोष्ट सर्वांत नवलाची आहे, कारण ती जुनी नव्हेच. फाईफच्या किनाऱ्यावरील खाणींत काम करणारे मजूर पूर्वीं वल्ह्यांच्या होड्यांच्या शर्यती करीत असत. काळाच्या ओघांत त्या बंद पडल्या. त्या आठवणीवरून संग्रहालयाला अशी कल्पना सुचली कीं, किनाऱ्यावरील गांवांनीं पुन्हा आपापली होडी स्वतः बांधावी व स्वतः वल्हवावी. होड्यांचे प्रख्यात रचनाकार इयन ऊट्रेड यांच्याकडून २२ फुटांच्या एका होडीचा नमुना करवून घेतला. चौघे वल्हीं मारणारे आणि एक सुकाणूं धरणारा अशी तिची योजना आहे. तिच्या फळ्या यंत्रानें अचूक कापून मिळतात. पण त्या जोडण्याचें काम ज्यांचें त्यांनीं करावयाचें. संग्रहालयाच्या जागेवरून तिला 'सेंट एल्स स्किफ' असें नांव दिलें. पहिली होडी २००९ सालीं पाण्यांत उतरली.

पुढें काय झालें तें पाहा. एका गांवानें वर्गणी काढून होडी बांधिली, म्हणून शेजारच्या गांवाला ईर्षा झाली. हिवाळ्याच्या लांब रात्रीं कुणाच्या गोठ्यांत, कुणाच्या वखारींत दिवे लागले. सुतार, शिक्षिका, डॉक्टर, शाळेंतील मुलें, निवृत्त माणसें एका होडीभोंवतीं जमूं लागलीं. जीं माणसें एकाच आळींत राहून एकमेकांस ओळखत नव्हतीं, तीं एका लयींत वल्हीं मारूं लागलीं. २०१० सालीं अँस्ट्रदरला पहिल्या शर्यती झाल्या. २०१३ सालीं उल्लापूल येथें ह्या होड्यांची जागतिक स्पर्धा भरली. आज अशा शेंकडों होड्या स्कॉटलंडांत, हॉलंडांत, अमेरिकेंत व ऑस्ट्रेलियापर्यंत बांधल्या गेल्या आहेत. एका लहान गांवच्या संग्रहालयानें ही नवी होडी कपाटांत ठेविली असती तर ती एकच राहिली असती. लोकांच्या हातीं दिल्यामुळें ती शेंकडों झाली.

होड्या पुरुषांच्या म्हणून धंदाही पुरुषांचाच, असें मात्र कुणी समजूं नये. हेरिंग चिरण्याचें व पिंपांत रचण्याचें काम बहुधा स्त्रियाच करीत. तिघींची एक टोळी असे. दोघींनीं चिरावें, एकीनें मीठ घालून रचावें. चलाख बाई मिनिटास चाळिसांहून अधिक मासे साफ करी. सुरीनें व मिठानें बोटें सोलवटूं नयेत म्हणून त्या बोटांस चिंध्या बांधीत. थव्यांच्या मागोमाग त्या उत्तरेंतील शेटलंडपासून इंग्लंडांतील यार्मथपर्यंत जात. ज्या घरांत त्या भाड्यानें उतरत तेथील मालकिणी मासळीच्या वासाच्या भयानें आधींच गालिचे गुंडाळून ठेवीत. आमच्या वर्गांतील मुलास जें दुःख झालें तें त्या मुलींनींही भोगिलें होतें.

ह्याच स्त्रिया फुरसतीच्या वेळीं, चालतां चालतांही, आपल्या माणसांसाठीं निळ्या लोंकरीचे घट्ट विणीचे अंगरखे विणीत. त्यांस 'गान्झी' म्हणतात. प्रत्येक गांवची वीण निराळी असे व बुडालेल्या खलाशाची ओळख तिच्यावरून पटे, अशी एक आवडती समजूत आहे. पण अभ्यासकांस तिला भक्कम आधार सांपडत नाहीं. स्त्रिया बंदरोबंदरीं हिंडत आणि एकमेकींचे नमुने उचलीत. तेव्हां वीणही त्यांच्याबरोबर प्रवास करी. खरी अडचण अशी कीं हे नमुने फारसे लिहिलेले नव्हते. ते बोटांतच होते. म्हणून संग्रहालयानें अलीकडच्या वर्षांत 'निटिंग द हेरिंग' नांवाचा उपक्रम हातीं घेतला. जुने अंगरखे तपासून, जुन्या छायाचित्रांतील टांके मोजून आणि विणणाऱ्या बायकांस विचारून त्यांची नोंद करण्याचें काम त्यांत चालतें. ज्या आजीला आपण अडाणी आहों असें वाटे, तिच्यापुढें आतां लोक कागद-पेन्सिल घेऊन बसतात.

संग्रहालयांत आणखी एक जागा आहे, जेथें कोणी मोठ्यानें बोलत नाहीं. समुद्रांत गेलेल्या व परत न आलेल्या स्कॉटिश मासे धरणाऱ्यांचें तें स्मृतिस्थान. भिंतीवर लहान लहान पाट्या, त्यांवर माणसांचीं व होड्यांचीं नांवें. ज्यांना समुद्रानें थडगें दिलें नाहीं त्यांच्या मुलांस व नातवंडांस उभें राहण्यास येथें एक जागा मिळाली. ह्या दालनामुळें संग्रहालय हें परक्या पाहुण्यांचें स्थान न राहतां गांवाच्या घरासारखें झालें, असें आम्हांस वाटतें.

आतां ह्या सर्व हकीकतींतून लहान संग्रहालय कसें वाढवावें ह्याविषयीं जें शिकावयाचें तें थोडक्यांत सांगतों. प्रथम, आरंभ इमारतीपासून करूं नये. लोकांस अद्याप काय येतें, हें विचारण्यापासून करावा. वस्तु शंभर वर्षें माळ्यावर थांबेल. ती वापरणारा म्हातारा थांबणार नाहीं. दुसरें, वस्तु घेतांना तिच्याबरोबर देणाऱ्याचें नांव, तिचें कोकणी-मराठी बोलींतील नांव आणि ती कशी वापरीत त्याची हकीकत लिहून घ्यावी. मुकी वस्तु अर्धीच वस्तु होय. तिसरें, कोणती वस्तु निजूं द्यावी, कोणती चालती ठेवावी आणि कोणतीची नवी प्रत करावी, हा विवेक 'रिसर्च', 'रीपर' व 'स्किफ' ह्या तीन होड्यांपासून घ्यावा. चौथें, लोकांस केवळ पाहण्यास न बोलावितां कांहीं करण्यास बोलवावें. ज्यानें एक फळी ठोकली तो ती होडी जन्मभर विसरत नाहीं. पांचवें व शेवटचें, स्वयंसेवक म्हातारे होतात आणि पैसा आटतो, म्हणून दरवर्षीं नवीं मुलें कामांत ओढावीं. संग्रहालयाचा खरा ठेवा तींच होत.

आपल्या किनाऱ्याची स्थिति काय आहे? जेथें पूर्वीं लाकडी होड्या दिसत तेथें आतां फायबरच्या होड्या झपाट्यानें वाढत आहेत. त्या हलक्या व सोयीच्या आहेत. त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. पण ज्या सुताराला नुसत्या नजरेनें फळीचा बांक कळतो, ज्या तांडेलाला पाण्याच्या रंगावरून खडक ओळखतां येतो, आणि ज्या आजीला जाळें विणण्याची गांठ डोळे मिटून घालतां येते, त्यांची विद्या कोण लिहून घेणार? सरकार किंवा मोठीं शहरें हें करतील अशी वाट पाहत बसलों तर ती वेळ निघून जाईल. अँस्ट्रदर हें मोठें शहर नव्हतें.

म्हणून आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या खोलींतील एक रिकामें कपाट ह्या वर्षीं आम्ही मोकळें करून घेतलें आहे. त्यांत मौल्यवान वस्तु नकोत. जाळें विणण्याची जुनी सुई, तुटकें वल्हें, लाकडी बोया, पाटी, कोयता, जें असेल तें चालेल. वस्तु देतां येत नसेल तर आजोबांपाशीं अर्धा तास बसून होडीच्या, वाऱ्यांच्या व मासळीच्या नांवांची यादी करून आणावी. आम्ही ती आनंदानें कपाटांत ठेवूं. प्रत्येक यादीवर सांगणाऱ्याचें नांव वर, ठळक अक्षरांत, आणि लिहिणाऱ्याचें खालीं असेल. पालकांस आमची विनंति इतकीच कीं, मुलानें विचारलें असतां "त्यांत काय आहे, तूं अभ्यास कर" असें म्हणूं नये. हाही अभ्यासच आहे.

कपाटांतील पहिली यादी येऊन पोहोंचली आहे. वहीच्या दोन पानांवर, सुरेख अक्षरांत, होडीच्या एकतीस भागांचीं नांवें आहेत आणि प्रत्येकासमोर लहानसें चित्र. वर आजोबांचें नांव आहे, खालीं मागच्या बांकावरील त्या मुलाचें. पुढल्या आठवड्यांत तो फळ्याजवळ उभा राहून ती वर्गाला वाचून दाखविणार आहे. आणि आम्ही, हातांत वही घेऊन, त्याच्या बांकावर बसून ऐकणार आहों.